गाडी कोण धुवायचं

माझी मैत्रीण परदेशात युद्धगुन्हेगारांवरचे खटले उभे करते, आणि मी पुण्याजवळ माणमध्ये सासरी राहून बावधनच्या एका खासगी कॉलेजात कायदा शिकवते. या दोन्ही गोष्टी एकाच वाक्यात लिहिल्या, कारण माझ्या डोक्यात त्या कधी वेगळ्या येतच नाहीत.

आम्ही पुण्यात एका वर्गात होतो, एका खोलीत राहायचो. दोघींनी अभ्यासाला विषयही एकच घेतला होता: ज्याने स्वतःच छळ केलेत, कत्तली केल्यात, त्याला नंतर निर्वासित म्हणून दुसऱ्या देशात आसरा मागता येतो का? कायदा म्हणतो, नाही. त्याच्या जिवाला मायदेशी खरोखर धोका असला तरी निर्वासिताचं संरक्षण त्याला नाही. माझा निबंध तिच्यापेक्षा चांगला होता. सरांनीच सगळ्यांसमोर तसं सांगितलं होतं. पुढच्या शिक्षणासाठी बाहेर जायला आम्ही दोघींनी एकाच ठिकाणी अर्ज केला आणि तिला घेतलं. लोकांना वाटतं, लग्न झालं म्हणून माझं राहिलं. मी त्यांना तसंच वाटू देते.

सासऱ्यांनी शेताच्या तुकड्यावर इमारत बांधली आहे. खाली आम्ही, वरच्या खोल्यांत आयटीतली मुलं, आणि सगळ्यात वर एक परदेशी कुटुंब. त्यांच्या देशाचं नाव लिहीत नाही. तिथे बरीच वर्षं लढाई चालू आहे, एवढं पुरे. नवरा पुण्यात शिकायला म्हणून आला होता, मागून बायको आणि मुलगी आली. शिक्षण संपलं, व्हिसा संपला, परत जाणं शक्य नव्हतं. बायको वरच्या गच्चीत भट्टी लावून रोट्या भाजायची आणि तो त्या पिशव्यांत भरून आयटी पार्कमधल्या त्यांच्याकडच्या मुलांना पोचवायचा. सायकलवरून. सासऱ्यांनी एकदा त्याला विचारलं, "आपलं पिकअप घिऊन जात जा की. चालवाया येतंय न्हवं?" तो म्हणाला, येत नाही.

मग एके दिवशी तो दिल्लीहून आलेलं पत्र घेऊन माझ्याकडे खाली आला. निर्वासितांचं काम बघणारी जी आंतरराष्ट्रीय संस्था आहे, तिच्याकडे तिघांनी अर्ज केला होता. बायको आणि मुलीचा विचार वेगळा चालू राहणार होता. त्याला मात्र नकार होता. मायदेशी तो एका लष्करी गुप्तचर अधिकाऱ्याच्या गाडीवर ड्रायव्हर होता असं त्याने मुलाखतीत सांगितलं होतं, आणि मानवतेविरुद्धच्या गुन्ह्यांत त्याचा हात असल्याचं मानायला गंभीर कारणं आहेत, असा त्यांचा निष्कर्ष होता.

मी ते पत्र वाचलं आणि मला आनंद झाला. जो विषय मी इतकी वर्षं नुसता फळ्यावर लिहीत होते, तो माझ्याच जिन्यावरून उतरून माझ्या दारात आला होता. त्याचा चेहरा उतरलेला होता आणि मी मनात म्हणत होते, हे मैत्रिणीकडे नाही गेलं, माझ्याकडे आलं. तिला फोन करावा असं एकदाही वाटलं नाही. म्हणजे वाटलं, पण सांगायचं नाही असं ठरवूनच वाटलं.

त्यानंतर दर रविवारी तो खाली येऊन बसायचा. आम्ही हिंदीत बोलायचो. मी वकिलासारखे प्रश्न विचारायचे. तुझा हुद्दा काय? हुकूम कोण द्यायचं? हातात शस्त्र होतं का? नाही म्हटलं असतंस तर काय झालं असतं? तो प्रत्येक वेळी शांतपणे एकच सांगायचा. "मी फक्त गाडी चालवायचो, मॅडम. मागे कोण आहे ते बघायची परवानगी नव्हती." त्या वाक्यावर मी अख्खं अपील उभं केलं. केवळ एखाद्या दलात असणं म्हणजे गुन्हा नव्हे. माणसाला काय चाललंय ते माहीत असलं पाहिजे, आणि त्याने त्यात जाणून हात दिला पाहिजे. याला माहीत नव्हतं. मसुदा इतका चांगला झाला की मी तो स्वतःच पुन्हा पुन्हा वाचत बसायचे.

अपील पाठवायच्या आधी मैत्रीण आली. तिच्या आईचं बावधनला डोळ्याचं ऑपरेशन होतं. एका दुपारी ती आमच्याकडे जेवायला आली. सुती कुडता, साध्या चपला, केस पांढरे व्हायला लागलेले आणि ते तिने तसेच ठेवलेले. मी मात्र आदल्या दिवशीच केस रंगवून घेतले होते.

जेवण झाल्यावर सासरे तिला घेऊन ओट्यावर बसले. लग्न होऊन इतकी वर्षं झाली, मी कॉलेजात काय शिकवते हे त्यांनी मला कधी विचारलं नाही. तिला मात्र खोदून खोदून विचारत होते.

"म्हंजी खून झाला तिकडं, त्यांच्या देशात. मारनारा तिकडचा, मेलेला तिकडचा. अन् खटला तुमच्याकडं?"

"हो, बाबा. काही गुन्हे इतके मोठे असतात की ते कुठेही झाले तरी ते चालवायचा अधिकार आपल्याला आहे, असं तिथल्या कायद्यातच लिहिलंय. माणूस आमच्या देशात सापडला की झालं."

"हे बेस हाय. लई बेस हाय. आमच्या सूनबाईनं कदी सांगितलं न्हाई असलं."

मी सांगितलं होतं. त्याच ओट्यावर. तेव्हा ते मोबाईलवर बैलगाडा शर्यत बघत होते.

"मग आपल्याकडं का न्हाई?" त्यांनी तिला विचारलं. ती माझ्याकडे बघून म्हणाली, "हे तिला विचारा, तिला जास्त माहीत." ती खरंच तशा मनाची आहे, आणि त्याचाच मला जास्त राग येतो. मी सांगितलं, की आपल्या कायद्यात मानवतेविरुद्धचा गुन्हा असा गुन्हाच नाही. परवा नवी फौजदारी संहिता आली, तिच्यातही घातला नाही. निर्वासितांचाही कायदा नाही. बाहेर हजार माणसं मारून कुणी इथे येऊन राहिला, तर आपण फार तर त्याला देशाबाहेर काढू, नाहीतर राहू देऊ. त्या हजार माणसांबद्दल त्याला इथे कुणी विचारणार नाही.

"आन् आपल्याच खोलीत ऱ्हात असंल तर?" सासरे हसून म्हणाले. त्यांना माहीत नव्हतं.

तेवढ्यात वरून भाडेकरू आणि त्याची बायको पाहुणी आली म्हणून गरम रोट्या घेऊन उतरले. मैत्रीण उठून उभी राहिली आणि त्यांच्याशी त्यांच्या भाषेत चार वाक्यं बोलली. कामासाठी शिकली होती. त्या बाईने तिचे दोन्ही हात धरले आणि सोडेना. तो असा हसला, जसा माझ्यासमोर कधीच हसला नव्हता. त्यांच्या भाषेतला मला एकच शब्द येत होता, रोटीचा.

सासरे आत जाऊन आडवे झाल्यावर मी तिला त्याची केस सांगितली, त्याच्या परवानगीने. खरं तर मला माझा मसुदा तिला दाखवायचा होता. तिने तो ओट्यावर बसून सगळा वाचला. "फार चांगलं लिहिलंयस," ती म्हणाली, आणि माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. मग तिने कागद बाजूला ठेवले आणि त्याच्याकडे वळून अगदी सहज, हिंदीत, विचारलं, "गाडी परत आल्यावर धुवायचं कोण?"

तो म्हणाला, "मी."

बोलून झाल्यावर त्याला कळलं की आपण काय बोललो. बायको मान वळवून त्याच्याकडे बघायला लागली. त्याने पुढे बोलायला तोंड उघडलं, तेव्हा मैत्रिणीने हात वर केला. "पुढचं मला सांगू नका. मी सुट्टीवर आहे, पण माझं काम सुट्टीवर नसतं. तुमच्या वकिलांना सांगा." ती स्वतःचा चहाचा कप उचलून आत गेली आणि नळाखाली धरून घासत बसली.

तिला गाडीपर्यंत सोडायला मी गेले. वाटेत कंपन्यांच्या बसची रांग लागली होती, म्हणून थांबलो.

"माझी केस मोडलीस तू," मी म्हणाले.

"अगं, केस तशीच होती. तुला आत्ता कळलं. दिल्लीवाल्यांना आधीच कळलं असणार."

"तुमच्या लोकांना सांगणार का?"

"तो स्वतःहून काही म्हणत नाही तोवर, मी आज इथे जेवायला आले होते. बाकी काही नाही."

मला खरं दुसरंच विचारायचं होतं. इतके महिने मला जो प्रश्न सुचला नाही, तो तिला एका घोटभर चहात कसा सुचला? शेवटी विचारलंच.

ती म्हणाली, "त्यात काय? सगळ्या ड्रायव्हरना आम्ही तेच विचारतो."

सगळ्या. म्हणजे तिच्याकडे असे कितीतरी होते. मला आयुष्यात मिळालेला हा एक, आणि तिला विचारायचे प्रश्नही सवयीचे झाले होते. ती हुशार म्हणून तिला सुचलं असतं, तर मी सहन केलं असतं.

पुढच्या रविवारी त्याने मला सगळं सांगितलं. बायको शेजारी बसली होती, तिनेच त्याला आणलं होतं. कैद्यांना एका इमारतीतून दुसऱ्या इमारतीत न्यायचं, आणि कधी कधी दुसऱ्या इमारतीतून गावाबाहेर. येताना गाडी रिकामी असायची. पाण्याचा पाइप मागच्या अंगणात होता. कुणाला मारलं का, तर नाही. नाही म्हणता आलं असतं का? त्याच्या आधीच्या ड्रायव्हरने म्हटलं होतं, तो पुन्हा दिसला नाही.

बायको त्याच्या भाषेत काहीतरी बोलली. मग माझ्यासाठी तेच हिंदीत सांगितलं. "मी कपडे धुताना विचारलं होतं. हा म्हणाला, साहेबाकडे बकरी कापली."

"आता तुला माहीत नव्हतं असं मी लिहू शकत नाही," मी म्हणाले.

"मग काय लिहिणार?"

"जे झालं ते. तुझ्या जिवाला भीती होती आणि संधी मिळाल्यावर तू पळालास, ते."

माझा सुंदर मसुदा फाडून मी नवा लिहिला. तो तितका चांगला झाला नाही. अपील फेटाळलं गेलं. भीती मान्य होती, पण संधी मिळाल्यावरही तो बराच काळ तिथेच राहिला होता, असं त्यांचं म्हणणं होतं, आणि ते खरं होतं. बायकोला आणि मुलीला त्यांच्या स्वतःच्या कारणांवर निर्वासित म्हणून मान्यता मिळाली, कार्डं मिळाली. त्याच्याकडे काहीच नाही. त्याला कुणी परत मागत नव्हतं आणि कुणी इथे ठेवतही नव्हतं.

सासऱ्यांना सांगावंच लागलं. त्यांनी बराच वेळ तंबाखू मळली. मग म्हणाले, "ठिवायचा का काढायचा, तूच सांग. तू वकील हाईस."

त्यांनी मला असं विचारायची ती पहिलीच वेळ. मी म्हणाले, बायको-मुलीकडे कार्डं आहेत, त्यांना काढता येणार नाही.

"त्यांचं न्हाई इच्यारत. त्याचं इच्यारतोय."

शेवटी त्यांनीच ठरवलं. "ऱ्हाऊ दे. पोरीचा बाप हाय. पर माझ्यासमोर बसून चा पियाचा न्हाई, सांग त्याला." तेव्हापासून तो ओट्यावर आला नाही. जिन्यातूनच मान खाली घालून जायचा.

हे सगळं मिटलं असं मला वाटत होतं. मग एक दिवस तो मोबाईल घेऊन आला. पडद्यावर एका माणसाचा फोटो होता: कोट घातलेला, मागे बर्फ, शेजारी शाळेच्या गणवेशातला मुलगा. त्याचा साहेब. तो माझ्या मैत्रिणीच्याच देशात होता. आणि तिथे त्याला आसरा मिळाला होता. मुलाखतीत त्याने स्वतःला कारकून म्हणवलं होतं, असं गावच्या कुणीतरी याला कळवलं होतं.

"त्याला कार्ड मिळालं, मॅडम," तो म्हणाला. "त्याला मिळालं. मला नाही."

त्याच्या आवाजात काय होतं ते मी लगेच ओळखलं. दुसऱ्या कुणाला तो न्यायासाठीचा संताप वाटला असता. मी रोज सकाळी उठून माझ्या आत तोच आवाज ऐकते, त्यामुळे मी फसले नाही.

"मी साक्ष देईन," तो म्हणाला.

मी त्याला बसवून समजावलं. साक्ष देताना तू स्वतःबद्दलही बोलशील. ते तुझ्यावरही खटला भरू शकतात. तसं होणार नाही असं वचन तुला कुणी देणार नाही, आणि मी ते मागायला गेले तरी मिळेलच असं नाही. तुझी मुलगी दहावीला आहे. सगळं ऐकून तो म्हणाला, "त्या मुलाच्या शाळेचा गणवेश बघितला का तुम्ही?"

मी मैत्रिणीला फोन केला. ती ऐकत राहिली, मग एकदम कामाच्या आवाजात म्हणाली, "यापुढे तू माझ्याशी बोलू नकोस, कार्यालयाशी बोल. तू त्याची वकील आहेस." त्यानंतर सगळं अधिकृत झालं. त्या देशाने साहेबाचं संरक्षण काढून घेतलं, त्याला अटक केली आणि स्वतःच्याच न्यायालयात, स्वतःच्याच कायद्याखाली त्याच्यावर खटला उभा केला. माझ्या भाडेकरूची साक्ष मुंबईतल्या त्यांच्या वकिलातीतून पडद्यावर घ्यायची ठरली.

माझा नवरा गाडी चालवत होता. भाडेकरू मागे बसला आणि घाट उतरून जाईपर्यंत त्याने डोळे उघडले नाहीत.

वकिलातीत एका लहान खोलीत टेबल, दोन खुर्च्या, पाण्याचा जग, समोर मोठा पडदा. पडद्यावर ते न्यायालय दिसत होतं. लाकडी भिंती, काळे झगे. सरकारी वकिलांच्या मागच्या बाकावर माझी मैत्रीण कानाला हेडफोन लावून बसली होती. तिने माझ्याकडे बघितलं नाही, बघणं बरोबरही नव्हतं. मी तिची खुर्ची बघत होते. तिच्यामागे खिडकी होती, खिडकीत झाड होतं. मी तिथे बसलेली कशी दिसले असते, याचा मी नको इतका विचार केला.

न्यायाधीशांनी मला विचारलं, तुम्ही कोण? मी सांगितलं, साक्षीदाराची वकील. दुभाष्याने ते त्यांच्या भाषेत सांगितलं आणि त्या मोठ्या दालनात माझं नाव उच्चारलं गेलं, जरा चुकीचं.

साक्ष संथ चालली. रस्ते, इमारती, पाइप. मग सरकारी वकिलाने विचारलं की गाडीत कधी कुणी जिवंत परत आलं का. मी लगेच हात वर केला. "या उत्तराने साक्षीदार स्वतः अडचणीत येऊ शकतो. उत्तर द्यायला तो बांधील नाही." माझा आवाज नीट आला. न्यायाधीशांनी मान डोलावली आणि त्याला समजावून सांगितलं की तो गप्प राहू शकतो.

त्याने माझ्याकडे बघितलं सुद्धा नाही.

"एकदा," तो म्हणाला. "गावाबाहेरून परत येत होतो. मागून आवाज आला. ते सगळे मेलेत असं समजून साहेबाने एकाला परत आणायला सांगितलं होतं, कुणाला तरी दाखवायला. तो जिवंत होता. पाणी मागत होता. मी गाडी थांबवली. साहेब पुढे बसला होता. म्हणाला, चालव. मी चालवली."

दुभाष्याने ते त्यांच्या भाषेत सांगितलं. आरोपीच्या पिंजऱ्यात साहेब वहीत काहीतरी लिहीत होता, त्याने लिहिणं थांबवलं. मैत्रिणीने हेडफोन कानावर घट्ट दाबला. त्या क्षणी मला तिच्या जागी असावंसं वाटलं नाही. तेवढ्यापुरतं.

परतताना वाटेत नवऱ्याने चहासाठी गाडी थांबवली, तर भाडेकरूने उतरून हातपाय धुतले आणि तो चहाच्या टपरीपासून लांब, डोंगराकडे तोंड करून उभा राहिला. मी त्याचा चहा त्याच्याकडे नेऊन दिला.

निकाल पुष्कळ दिवसांनी लागला. साहेबाला जन्मठेप झाली. आता बोलायला बंदी नव्हती, त्यामुळे मैत्रिणीचाच फोन आला. मागे लोकांचा गलबला होता, कुणीतरी रडत होतं, कुणीतरी हसत होतं. "तू त्याला सांग," ती म्हणाली. "बातमीतून कळण्यापेक्षा तुझ्याकडून कळू दे. आणि त्याच्यावर सध्या तरी खटला भरणार नाहीत, हेही सांग. सध्या तरी, असंच सांग."

मी वर गेले. बायको कणीक मळत होती, मुलगी अभ्यास करत होती. मी दोन्ही गोष्टी सांगितल्या. बायकोने हात थांबवले नाहीत, पण डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि ती ते खांद्याला पुसत राहिली. त्याने काही वेळाने विचारलं, "त्या माणसाचं नाव कुणी घेतलं का तिथे?"

"कुठल्या माणसाचं?"

"पाणी मागत होता त्याचं. मला त्याचं नाव माहीत नाही."

मलाही माहीत नव्हतं. गच्चीत येऊन मी तिला परत फोन लावला. तिला माहीत होतं. त्याची बहीण रोज कोर्टात यायची, मागच्या रांगेत बसायची. साक्षीच्या दिवशीही होती. नंतर तिने मैत्रिणीला विचारलं होतं, की तो ड्रायव्हर गाडी थांबवली असं म्हणाला ते खरं का? किती वेळ थांबवली होती?

"मग तू काय म्हणालीस?" मी विचारलं.

"म्हणाले, मला माहीत नाही. मग ती माझ्याशेजारी बसली, खूप वेळ. कोर्ट रिकामं होईपर्यंत."

मी फोन धरून उभी होते. खाली आयटी पार्कच्या बस सुटत होत्या. त्या बाईच्या शेजारी माझी मैत्रीण बसली होती आणि मी कधीच बसणार नव्हते. इतकं सगळं होऊन, इतकं सगळं ऐकूनही मला तिचा हेवा वाटला. मी तिला तसं म्हणाले. पहिल्यांदाच.

"माहीत होतं मला," ती म्हणाली. "हॉस्टेलपासून."

मग तिने त्या माणसाचं नाव सांगितलं, दोनदा, कारण उच्चार मला जमत नव्हता. मी ते तोंडातल्या तोंडात घोळवत आत गेले आणि त्याला सांगितलं. त्याने ते बरोबर करून परत म्हटलं. मुलीने वहीतून मान वर करून विचारलं, हे कोण? त्याने बायकोकडे बघितलं. बायको म्हणाली, "सांग तिला." आणि मी जिना उतरून खाली आले.